कापसाच्या खोलीतून फोन बाहेर काढणाऱ्या भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या फोन दुरुस्तीच्या दुकानात आणून देता आलं असतं. पण चोपडा, यावल, अमळनेर, पारोळ्याकडच्या ज्या घरांत भाव वाढायची वाट पाहत कापूस भरून ठेवलेला असतो, त्यांच्याही कानावर फोनच्या बॅटरीबद्दलचं तुमचं बोलणं जायला हवं. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझ्या वडिलांच्या, आबांच्या फोनचं मागचं झाकण वर आलं होतं. ते चिकटवून घ्यायला आम्ही तुमच्याकडे आलो. तुम्ही फोन हातात घेतला, तिथल्या तिथे बंद केला आणि म्हणालात, झाकण चांगलं आहे, आतली बॅटरी फुगली आहे. मग आबांना विचारलंत, “आबा, रातले फोन कोठे ऱ्हास?”

त्या प्रश्नासाठी मी तुमची कायम ऋणी आहे. कारण फोन असायचा कापसाच्या खोलीत. आढ्याला टेकलेला कापूस, त्याच्या कडेला आबांची खाट, उशाशी रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन. कापूस पेटला की वरून विझल्यासारखा दिसतो आणि आत धुमसत राहतो, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. तुमचा चेहरा उतरलेला मी पाहिला. पण तुम्ही आबांना एक शब्द टाकून बोलला नाहीत.

उलट तुम्ही विचारलंत, रात्रीच का लावता? आबांनी सांगितलं, शेतीची लाईट रात्रपाळीला आली की केळीला पाणी भरायला उठावं लागतं. बांधावर साप-विंचू, हातात उजेड फोनचाच, मोटार बंद पडली तर कोणाला हाक मारायची तीही फोनवरच. अशा माणसाला ‘रात्री चार्जिंग करू नका’ एवढंच सांगून चालत नाही. तुम्ही त्यांचा दिवसच नीट लावून दिलात. जेवणं झाली की घरातले जागे असेपर्यंत ओसरीत, उघड्या फरशीवर चार्जिंग करायचं. निजायच्या आधी बोर्डाचं बटण बंद. रानात जायला वेगळी टॉर्च. आणि जळगावहून नवी बॅटरी येईपर्यंत तुमच्याकडचा कीपॅडचा फोन तुम्ही त्यांच्या हातात ठेवलात. हे कोण करतं भाऊ?

बॅटरी का फुगते, तेही तुम्ही आबांना समजेल असं सांगितलंत. फोनच्या लिथियम-आयन बॅटरीत जे द्रव असतं ते पेट घेणारं असतं. दोन थरांच्या मध्ये केसाहून पातळ पडदा असतो. बॅटरी जुनी झाली, तापली, किंवा पूर्ण भरलेली असताना उष्णतेत पडून राहिली, की ते द्रव विघटित होऊन गॅस तयार होतो. पडदा फाटला की आतल्या आत शॉर्ट होतं, उष्णतेनं आणखी उष्णता वाढते आणि मग ती थांबवता येत नाही. म्हणून फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही. तुमची ती काढायची पद्धत मी नीट पाहिली. लोखंडी पट्टी न घेता प्लॅस्टिकच्या पट्टीनं हळूहळू सोडवलीत आणि वाळूच्या डब्यात ठेवलीत. उकिरड्यावर टाकायची नाही, ई-कचरावाल्याकडे द्यायची, हेही बजावलंत.

आपल्या खानदेशाला हे जास्त लागू आहे. फोनची बॅटरी चार्ज करायला साधारण ० ते ४५ अंशांपर्यंतचं तापमान चालतं. वैशाखात जळगाव-भुसावळचा पाराच ४५ला टेकतो, पत्र्याखाली तर त्याहून वर. तिथे गोधडीखाली नाहीतर उशीखाली फोन लावला तर त्याची उष्णता जाणार कुठे? उन्हातून आलेला फोन आधी सावलीत गार होऊ द्यावा, मग लावावा. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये, आत दव धरतं. बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करायची, ही जुन्या बॅटऱ्यांच्या काळची सवय आता उपयोगाची नाही. २० ते ८० टक्क्यांत ठेवली तर जास्त टिकते, हे ऐकून आबांना फार बरं वाटलं. त्यांना १०० झाल्याशिवाय चैन पडत नसे.

चार्जरचं तर आमच्या माहेरी आता सगळ्यांना पाठ झालं आहे. बाजारात पाटीवर मांडलेला स्वस्तातला चार्जर उचलायचा नाही. त्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहायचा. तो क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून खरा-खोटा कळतो, हे तुम्ही दाखवलंत तेव्हा गिऱ्हाईक म्हणून उभी असलेली पोरंही पुढे सरकली. नवी बॅटरी घातलीत तेव्हा पैसे घेतलेत ते फक्त बॅटरीचे.

फोन पेटलाच तर काय करायचं, हे मी आईकडून म्हणवून घेतलं आहे: आधी मेन स्विच बंद, मग लांबून भरपूर पाणी, आणि त्या धुरात उभं राहायचं नाही, तो विषारी असतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही बहिणी माहेरी जमलो, तेव्हा ओसरीतल्या नव्या बोर्डाखाली सगळ्यांचे फोन फरशीवर मांडलेले होते. आबा स्वतः येऊन हात लावून पाहत होते, कुठला गरम तर नाही ना. कापसाच्या खोलीतला बोर्ड त्यांनी वायरमनकडून काढूनच टाकला आहे.

आता एक मागणं आहे, भाऊ. गावात अजून कितीतरी घरांत फोन कापसावरच चार्ज होतात. माझं सांगणं लोक ऐकतील, पण तुमच्यासारखं समजावणं मला जमणार नाही. दिवाळीच्या आत, नवा कापूस घरात यायच्या आधी, एका संध्याकाळी आमच्या गावी याल का? तो वाळूचा डबा सोबत आणा. पारावर माणसं जमवायचं काम आबांनी अंगावर घेतलं आहे, आणि आईनं भरीत-कळण्याच्या भाकरीचं.

आपली,
चोपडा तालुक्यातली एका शेतकऱ्याची लेक