मंत्रिमहोदय, उर्दू कथेची पानं उलटी लागली आहेत

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतली जुनी उर्दू मासिकं जतन करू, असा शब्द आपण भर सभेत दिला होता. परवा त्यातला पहिला हप्ता संगणकावर पाहिला आणि संताप अनावर झाला. बांधीव खंडांची शिवण कापून पानं यंत्रात सरकवली आहेत. शिवणीकडचे शब्द गेले. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं. इथं कथा शेवटापासून सुरू होते. सूचीत कथा-मासिकापुढे विषय लिहिलाय : धार्मिक!

उर्दू कथाकार मंटो 1936 साली या शहरात 'मुसव्विर' साप्ताहिकाच्या संपादनासाठी आला आणि जानेवारी 1948 मध्ये पाकिस्तानात गेला. कथाकार इस्मत चुगताई 'लिहाफ' या कथेवरच्या अश्लीलतेच्या खटल्यासाठी इथूनच लाहोरच्या कोर्टात गेल्या, 1991 साली इथेच वारल्या. कृश्न चंदर, राजिंदर सिंह बेदी हे कथाकारही इथलेच झाले. सिनेमानं यांची चूल पेटती ठेवली, पण कथा जगवली मासिकांनी. कथासंग्रह निघताना कातिब, म्हणजे छपाईसाठी मजकूर हातानं लिहिणारा लेखनिक, पुन्हा सगळं उतरवायचा. शब्द गळायचे, कधी ओळही. मूळ पाठ ताडायचा तर मासिकच हवं. ते तुमच्या माणसांनी कापलं.

तेव्हाची बहुतेक उर्दू छपाई खिळ्यांची नव्हती. कातिबाचा मजकूर दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर उतरवून छापत. म्हणजे प्रत्येक पान कुणाचं तरी हस्ताक्षर. नस्तालीक या उर्दूच्या लेखनवळणात अक्षरं एकमेकांवर चढत तिरकी उतरतात. 'बे', 'पे', 'ते' या अक्षरांत फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे ठिपक्यांचा. पिवळ्या पडलेल्या कागदाची पुसट काळी-पांढरी प्रत काढली की नुक्ते आणि बुरशीचे डाग एक होतात. मग ते ना माणसाला वाचता येतं, ना यंत्राला.

खरी रीत अशी : खंड पाळण्यासारख्या आधारावर अर्धवट उघडा ठेवायचा, वरून कॅमेऱ्यानं रंगीत प्रत घ्यायची, इंचाला किमान 400 ठिपके. गंजलेल्या पिना आधी हलक्या हातानं काढायच्या. फाटलेल्या कडांना जपानी पातळ कागद आणि स्टार्चची खळ. प्लास्टिकचं लॅमिनेशन अजिबात नको, आम्लधर्मी कागद आतल्या आत कुजतो. सूचीत वर्ष, महिना, अंक, लेखक, कथेचं नाव, उर्दूत आणि देवनागरीतही. हे सगळं उर्दू वाचणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली. एवढं साधं कलमही निविदेत कुणाला सुचू नये?

सुचत नाही, कारण लिपी दिसली की धर्म ठरवून मोकळे होतात. बेदी शीख घरातले, कृश्न चंदर हिंदू घरातले. पण दोघांनाही कपाट तेच, 'धार्मिक'. आजचा उर्दू कथाकार स्वतःच्या खिशातून पाचशे प्रती छापतो आणि निम्म्या वाटून टाकतो. त्याच्या इनपेज या उर्दू टंकनाच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फायली युनिकोडमध्ये नाहीत, त्यामुळे त्यांतला मजकूर शोधला तरी सापडत नाही. त्या वाचवायची योजना कुठल्या खात्याकडे असल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. मार्चअखेर आला की मात्र निधी संपवायची घाई!

पुढचं काम आजच थांबवा. आणि कापलेल्या खंडांची सुटी पानं कुठं आहेत, ते लेखी कळवा. रद्दीत गेली नसतील, तर पृष्ठक्रमानं लावून आम्लमुक्त खोक्यांत ठेवा, पावसाळ्याच्या आत.

आपला,
एक उर्दू कथावाचक