साहेब, त्या दोन बाटल्यांचं काय झालं?

माननीय पर्यावरणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी उजनी धरणाच्या फुगवट्यावर होडी चालवतो. हिवाळ्यात पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवायचे, एरवी जाळं. गेल्या रविवारी सात जणांचं कुटुंब आलं, नाकाला रुमाल लावून दहा मिनिटं काठावर उभं राहिलं आणि परत गेलं. त्यांचा राग नाही. पाणी पोपटी झालंय आणि वर ऑइलपेंट सांडल्यासारखी साय धरलीय. त्याच संध्याकाळी जाळं ओढलं, तेव्हापासून कोपरापर्यंत खाज आहे. डॉक्टर म्हणाले, पाण्यात उतरू नका. मग खाऊ काय?

मागच्या उन्हाळ्यात एका खात्याचे साहेब आले होते. माझ्याच होडीतून फिरले, दोन बाटल्या पाणी भरलं, पंधरा दिवसांत अहवाल देतो म्हणाले. आमच्या हिनं जारच्या पाण्याचा चहा पाजला. धरणाच्या पाण्याचा पाजला असता तर अहवाल लवकर आला असता, असं आता वाटतं. चौकशीचा अर्ज केला तर उत्तर आलं, 'पुढील कार्यवाहीस्तव अग्रेषित'. वरून खाली ढकलायचं, पाण्यासारखंच.

वरून येतं काय? पुण्याचं मैलापाणी मुळा-मुठेतून, पिंपरी-चिंचवडचं पवना-इंद्रायणीतून, सगळं भीमेत आणि भीमा आमच्या दारात. 2016 मध्ये मुळा-मुठेच्या सफाईसाठी जपानच्या कर्जातून 990 कोटींची योजना मंजूर होती. तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती. आता सायन्सला आहे, आणि तीच मला शिकवते. मैल्यातलं, साबणातलं, खतातलं फॉस्फरस खाऊन शेवाळ माजतं, मरतं, तळाला बसतं. गाळात ते फॉस्फरस लोहाला धरून राहतं. तळाचा प्राणवायू संपला की सुटतं आणि पुन्हा वर येतं. म्हणजे उद्या सगळे नाले बंद केलेत तरी हा गाळ वर्षानुवर्षं शेवाळाला हेच फॉस्फरस वाढत बसणार. 117 टीएमसीचं (अब्ज घनफूट) धरण, त्यात 63 मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखाली राहणारं पाणी, आणि त्याखाली 1980 पासूनचा गाळ. त्या गाळाचा विषय निघतो तो फक्त त्यातल्या वाळूच्या हिशेबात!

आमचाही दोष आहे, लपवत नाही. काठचा ऊस आमचाच. डीएपी खताच्या एका पोत्यात 23 किलो स्फुरद (खतातलं फॉस्फरस याच नावानं मोजतात), मी एकरी चार पोती टाकतो, म्हणजे नव्वदएक किलो धरा. उसानं किती खाल्लं आणि पहिल्या पावसात धरणात किती गेलं, देव जाणे. पण पाणी प्रदूषणाचा कायदा 1974 चा आहे, धरणाहून जुना. तो कुणासाठी केला होता?

आजोबांचं घर याच पाण्याखाली आहे. गाव सोडा म्हणाले, सोडलं. पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ बाहेर येतं, लोक फोटोला धावतात. पायाखालचा काळा गाळ फोटोत येत नाही, त्याला सडक्या अंड्याचा वास असतो. धरण उशाला आणि आम्ही वीस लिटरचा जार विकत घेतो. शहरानं फ्लश ओढायचा, सोलापूरनं गाळून प्यायचं. नदीकाठ सुशोभित करायला पैसा निघतो, दिवे लागतात, बाकडी बसतात. कडेला दिवे लावून पाणी स्वच्छ होतं का हो? सरकार कुणाचंही येवो, बाकडी तीच.

आधी त्या दोन बाटल्यांचा निकाल सांगा. मग गाळ तपासा, आणि शुद्धीकरण केंद्रातून सोडलेल्या पाण्यातलं फॉस्फरस मोजून आकडे आमच्या चावडीवर लावा. अजून लिहिलं असतं, पण हात खाजतोय.

आपला,
एक होडीवाला
ता. इंदापूर