उंच टॉवरचे काँक्रीट रात्री का थांबवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव-निपाणी पट्ट्यात काँक्रीटचा दूरसंचार टॉवर असो की साखर कारखान्याची चिमणी, काम वर चढू लागले की ‘रात्री तरी बंद ठेवा’ अशी मागणी होते. झोपमोड होते, हे खरेच. पण अवेळी काम थांबवले तर टॉवरच्या अंगात कायमचा दोष राहतो, हे लोकांना कुणी नीट सांगत नाही.

असा टॉवर सरकत्या साच्याने, म्हणजे स्लिपफॉर्मने चढवतात. साधारण 1.2 मीटर उंचीचा साचा जॅकच्या प्रत्येक दाबाला दोन-अडीच सेंटिमीटर वर सरकतो. वरून 20 सेंटिमीटरचा थर पडत असतो, खालून सहा तासांपूर्वीचे काँक्रीट उघडे होत असते. तासाला 20 सेंटिमीटर म्हणजे दिवसाला जेमतेम पाच मीटर. 100 मीटरला तीन आठवडे. नुकत्याच उघड्या पडलेल्या भिंतीवर मिस्त्री अंगठा दाबून बघतो. ठसा उमटला पाहिजे, पण भिंत ढळता कामा नये.

साचा तासन्‌तास जागीच राहिला की काँक्रीट पत्र्याला धरते. मग जॅक मारल्यावर भिंतही ओढली जाते, आडवी चीर पडते, सळईवरचे कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, सुटतो. आपल्याकडच्या पावसात तिथून पाणी शिरते आणि वाऱ्याचा ताण पेलणारी उभी सळईच गंजते. थंडीत दुपार आणि पहाट यांच्या तापमानात मोठा फरक असतो. काँक्रीट घट्ट होणे लांबवणाऱ्या रसायनाचे, म्हणजे रिटार्डरचे, प्रमाण दिवसभर एकच ठेवले तर दुपारी साचा चिकटतो, पहाटे भिंत ढासळते. म्हणून दर तासाला वरून सळई खुपसून काँक्रीट किती खोलीवर घट्ट झाले ते पाहावेच लागते.

टोरांटोच्या 553 मीटरच्या सीएन टॉवरचा साचा आठवड्याचे पाच दिवस रात्रंदिवस चालत असे, दिवसाला सुमारे सहा मीटर. तिथेही सुटी होती, पण ठरवून. असा थांबा घेताना ओतणे थांबल्यावरही साचा थोडाथोडा उचलत मोकळा करतात आणि पुन्हा ओतण्यापूर्वी जोडावरची सिमेंटची साय खरवडून काढतात. रात्री दहाला तक्रार आली म्हणून मिक्सर बंद करणे हा तसा थांबा नव्हे.

ठेकेदारांनी काँक्रीट मिसळणारा बॅचिंग प्लांट आणि जनरेटर वस्तीपासून लांब ठेवावेत, पावसाळा टाळून काम धरावे आणि रात्रपाळीच्या तारखा आठवडाभर आधी मराठी-कन्नड फलकांवर लावाव्यात. परवानगी देणाऱ्यांनीही रात्रीचे काम आधीच मंजूर करावे किंवा ठरलेले थांबे नकाशावर मागून घ्यावेत.

— स्थापत्य अभियंते, बेळगाव