वखार नव्हे, आगोट

व्हरमाँट, अमेरिका, 19 मे

ती. आई-बाबांस सा. न.

रविवारी व्हिडिओ कॉलवर अंगणातला ओंडक्यांचा ढीग बघून आई म्हणाली, "अगो, वखार घातलीस की काय?" बाबा मागून काहीतरी विचारत होते, पण त्यांचं मला ऐकू येईना नि माझं त्यांना. म्हणून हे पत्र, मुद्दाम मोठ्या अक्षरात.

वखार नाही गं. तुमची आगोटीची बेगमी चालली असेल ना आत्ता, तशीच ही आमची. तुम्ही पावसाआधी पडवीत फाटी भरता, आम्ही बर्फाआधी. खरं म्हणजे मेमध्ये आलेलं ओलं लाकूड येत्या हिवाळ्यात सगळं जळण्याजोगं होतच नाही, त्यातलं बरंचसं त्याच्या पुढच्या हिवाळ्यासाठी आहे. आई, तू मुरांब्याच्या बरण्या पुढच्या वर्षाच्या म्हणून वेगळ्या ठेवायचीस, तसं.

पहिल्या वर्षी आम्ही फोडलेलं तयार लाकूड घेतलं होतं आणि दोनदा फसलो. इथे सरपण 'कॉर्ड'वर विकतात. 4 फूट रुंद, 4 फूट उंच, 8 फूट लांब अशी रचलेली थप्पी, म्हणजे 128 घनफूट. विकणाऱ्याने ट्रकमधून भसाभस ओतलं आणि एक कॉर्ड म्हणून पैसे घेतले. रचून बघितलं तर पाऊणसुद्धा भरेना. वर "वाळलेलं आहे" म्हणून सांगितलेलं. ओलावा मोजायचं दोन सुयांचं छोटं यंत्र मिळतं. ढलपी नव्याने फोडून आतल्या बाजूला सुया टोचायच्या; 20 टक्क्यांच्या खाली आकडा आला तर लाकूड जाळायला योग्य. आमचं 34 निघालं! सगळा हिवाळा शेगडी नुसती सुसकारत होती. ओल्या लाकडाच्या धुराने धुराड्यात डांबरासारखा थर बसतो आणि तो पेटला तर घरच जायचं. आपल्याकडे चुलीचा धूर वाशांना कीड लागू देत नाही म्हणून बाबा कौतुक करतात, इथे ते कौतुक परवडत नाही.

म्हणून या वेळी अख्खे ओंडकेच मागवले, एक लॉरीभर, सात कॉर्ड. तयार लाकडापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं, कारण कापणं, फोडणं, रचणं, सगळं आपल्या अंगावर. एप्रिलमध्येच हवे होते, पण बर्फ वितळला की इथल्या मातीच्या रस्त्यांचा लगदा होतो आणि गावं जड गाड्यांना रस्ते बंद करतात. परवा एकदाची लॉरी आली. तिच्या पाठीवरच क्रेन असते, तिला लोखंडी पंजा. ड्रायव्हर उंच खुर्चीत बसून एकेक ओंडका असा उचलून ठेवत होता, की बाबा, तुम्ही असतात तर चहा घेऊन तिथेच उभे राहिला असता. खाली आडवी लाकडं आम्ही आधीच टाकून ठेवली होती, ओंडके मातीला टेकू नयेत म्हणून. माती-खडे सालीत अडकले की करवतीची धार एका दुपारीत जाते.

ढिगात अर्धं लाकूड अ‍ॅश नावाच्या झाडाचं आहे. ते लवकर वाळतं आणि सरळ फुटतं. सध्या ते मुबलक मिळतं, त्याचं कारण मात्र वाईट आहे: आशियातून आलेला एक हिरवा चकचकीत भुंगेरा. 2002 साली तो मिशिगनमध्ये सापडला, 2018 मध्ये इथे आढळला आणि सालीखाली अळ्या पोखरून ही झाडं मारतोय. सरपणातून कीड पसरते म्हणून दुसऱ्या राज्यातून कच्चं लाकूड आणायलाही बंदी आहे. बाकी मेपल आहे, ज्याच्या रसाचा पाक तुम्हाला पाठवला होता तोच. थोडं रेड ओक आहे, त्याला दोन उन्हाळे तरी हवेत.

आता आई विचारणार, कापतं कोण? मीच कापते. हेल्मेट, कानांवर टोप्या, मांड्यांवर यांत्रिक करवतीची चेन अडकून थांबेल असं जाड संरक्षक कापड, सगळं घालून. सोळा फुटी ओंडक्याचे सोळा इंची बारा तुकडे. फोडायला पुढच्या महिन्यात मशीन भाड्याने आणू, पण रोज संध्याकाळी दहा-पंधरा मी कुऱ्हाडीनेच फोडते. गाठ आली की बाबांचं ऐकते: तिला समोरून भिडायचं नाही, कडेकडेने सोलत यायचं. चिलटांसारख्या काळ्या माश्या मानेला फोडून काढतात, पण आवडतं मला ते.

आणि इथेच माझी पंचाईत झाली आहे. दादाने कळवलं, बाबा, की गेल्या महिन्यात आंब्याची फांदी फोडताना तुमच्या बरगडीत चमक भरली आणि तुम्ही आईला कोणालाही सांगू दिलं नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी कुऱ्हाड खाली ठेवा, गडी लावा, नाहीतर न्हाणीत गिझर बसवा असं खरमरीत पत्र लिहायला बसले होते. बोटांना फोड आलेत, त्यामुळे पेन नीट धरवेना. मग कुठल्या तोंडाने लिहू?

तेव्हा एवढंच करा. मोठे ओंडके गड्याकडून फोडून घ्या, पैसे मी पाठवते. बारीक ढलप्या तुमच्या. आणि पाचर वापरा, नुसत्या जोरावर नको. आई, तू लक्ष ठेव, आणि या वेळी त्यांचं ऐकून गप्प बसू नकोस.

सप्टेंबरात येताय ना? तोवर थप्प्या रचून होतील. बाबा, एक विचारायचं राहिलं. वरच्या थराची साल वर ठेवायची की खाली? शेजारचे आजोबा ठामपणे वर म्हणतात, पाणी निथळून जातं म्हणून. तुम्ही पडवीत कशी ठेवता ते आठवेना. दादाला फोटो काढून पाठवायला सांगा.

तुमची,
ताई