लाइन मोकळी आहे, काकू

ती. स्व. काकूंना,
साष्टांग नमस्कार वि. वि.

हे पत्र पाकिटात घालून पाठवलं असतं, तर तुम्ही ते वाचून फडताळात ठेवलं असतं आणि पुन्हा विषयही काढला नसता. म्हणून चारचौघांत लिहितेय. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत, ते वाड्यातल्या आम्हा सहा पोरांखेरीज कुणालाच माहीत नाही.

रास्ता पेठेतला वाडा, तुमची माडीवरची खोली, शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. ऐंशीच्या दशकातल्या त्या रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळजहाजाची अमेरिकन मालिका लागायची, सगळी इंग्रजीत. आम्ही मराठी शाळेतले. इंग्रजी पाचवीपासून, आणि मी चौथीत. पडद्यावर एक जहाज ताऱ्यांमधून चाललंय, टोकदार कानांचा एक माणूस भुवई उंचावतोय, आणि आम्हाला एक अक्षर कळत नाही. तुम्ही ट्रंक एक्स्चेंजमधली, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडून द्यायची रात्रपाळी करून नुकत्याच आलेल्या असायचात. डोळे तांबारलेले. काका म्हणायचे, “पड जरा आता.” तुम्ही चहाचा कप घेऊन आमच्यामागे बसायचात आणि बोलायला लागायचात.

टीव्हीच्या आवाजाच्या जरा खालच्या पट्टीत, न थांबता. इंग्रजी ऐकता ऐकताच मराठी बोलणं तुम्हाला कसं जमायचं, याचं उत्तर मला मोठेपणी सापडलं. रात्रभर तुम्ही तेच करत असायचात. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला सोलापूर, आणि मधे तुम्ही.

तुमचे शब्द मी वहीत लिहून ठेवले होते, ती वही अजून आहे. कॅप्टन्स लॉग म्हणजे ‘कॅप्टनचा रोजनामचा’. स्टारडेट म्हणजे ‘तारातिथी’. ज्या खोलीतून माणसं ठिपके ठिपके होऊन दुसऱ्याच ग्रहावर उमटायची, ती ‘विरघळखोली’. (दर आठवड्याला एवढं जहाज ग्रहावर उतरताना दाखवणं खर्चात बसेना, म्हणून ती युक्ती काढली होती, हे पुढे वाचलं तेव्हा तुमची आठवण झाली. महिनाअखेरीचा स्वयंपाक तुम्ही असाच साजरा करायचात.) त्या टोकदार कानांच्या स्पॉकचं ‘फॅसिनेटिंग’ तुमच्या तोंडी ‘नवल आहे!’ व्हायचं. आणि जहाजावरचे संदेश सांभाळणारी उहुरा कानातलं यंत्र चाचपून बोलायला लागली की तुमचा आवाज एकदम ड्यूटीवरचा व्हायचा: “लाइन मोकळी आहे, साहेब.” मुळात ती ‘हेलिंग फ्रीक्वेन्सीज ओपन’ म्हणते, हे मला कॉलेजात कळलं. माझ्या कानाला आजही तुमचंच वाक्य खरं वाटतं.

खाणीतल्या त्या दगडी प्राण्याचा भाग तुम्हाला नक्की आठवत असेल. जेनस सहा नावाचा ग्रह. खोल खाणीत कुणीतरी कामगारांना जाळून मारतंय. बाहेर येतं ते हॉर्टा, दगडाच्या गोळ्यासारखं सरपटणारं. आम्ही पोरं ओरडत होतो, मारा, मारा! तुम्ही मात्र बोलायच्या थांबलात. पडद्यावर सिलिकॉनचे गोल गोळे दाखवत होते. खाणकामगार ते बिनकामाचे समजून फोडत आले होते. स्पॉकने अजून काही सांगितलंही नव्हतं आणि तुम्ही हलकेच म्हणालात, “अंडी आहेत रे ती. आई आहे ती.” खोलीतला आवाज एकदम बंद झाला. माझ्या शेजारचा धाकटा रडायला लागला.

त्याच भागात हॉर्टा खडकावर तीन इंग्रजी शब्द कोरते: ‘नो किल आय’. इथे तुम्ही अडलात. म्हणालात, “याचे दोन अर्थ होतात. ‘मला मारू नका’ असाही, आणि ‘मी मारणार नाही’ असाही. मी एकच सांगितला तर तिच्यावर अन्याय होईल.” थोड्या वेळाने पडद्यावरची माणसंही हाच प्रश्न विचारतात, हे मी तो भाग पुन्हा पाहिला तेव्हा कळलं. एखादं वाक्य दुसऱ्या भाषेत नेताना बोलणाऱ्यावर अन्याय होऊ शकतो, ही गोष्ट मला दहाव्या वर्षी एका दगडावरून कळली, आणि ती तुम्ही शिकवलीत. आज कचेरीत दोन माणसं एकमेकांवर तणतणत आली की मी आधी हेच बघते, की यातलं कोण ‘नो किल आय’ म्हणतंय.

उहुराची गोष्ट निराळी. आमच्यातला एक जण एकदा म्हणाला, “ही काय करते? नुसता फोन तर उचलते.” तुम्ही कप खाली ठेवलात. “ती नसेल तर जहाज मुकं आणि बहिरं. मग लढणार कुणाशी आणि बोलणार कुणाशी?” त्या वेळी आम्हाला ते फक्त उहुराबद्दल वाटलं. तुमच्या कामाबद्दलही लोक असंच बोलत होते, हे समजायला मला वीस वर्षं लागली. माफ करा.

तिचं काम करणाऱ्या निशेल निकल्स यांनी पहिल्या वर्षानंतर मालिका सोडायचं ठरवलं होतं. मग मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि ‘सोडू नका’ म्हणाले. ही आठवण त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. पुढे १९७७मध्ये त्यांनी नासासाठी काम केलं. स्त्रियांनी आणि कृष्णवर्णीयांनी अंतराळवीर व्हायला अर्ज करावेत म्हणून त्या फिरल्या. १९७८मध्ये निवडलेल्या तुकडीत सॅली राइड होत्या, अंतराळात गेलेल्या पहिल्या अमेरिकन स्त्री. १९९२मध्ये माए जेमिसन या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री अंतराळात गेल्या, त्या लहानपणापासून उहुराच्या चाहत्या. यानात आपली ड्यूटी सुरू करताना त्या उहुराचं ते वाक्य म्हणायच्या. काकू, यानातली ड्यूटी सुरू होते आणि पहिलं वाक्य काय, तर लाइन मोकळी आहे! हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपल्या टीव्हीवर सगळं करडंच दिसायचं. उहुराचा झगा कुठल्या रंगाचा असेल, यावर आपली किती चर्चा व्हायची. हॉस्टेलवर कुणीतरी जुन्या भागांची कॅसेट आणली, तेव्हा मी धावत एसटीडी बूथवर जाऊन तुम्हाला फोन केला होता: लाल! तुम्ही म्हणालात, “मग मला एक लाल घेतलीच पाहिजे.” ती इरकल तुमच्याकडे अजून आहे. तोवर एसटीडीमुळे, म्हणजे परगावी थेट फोन लागायला लागल्यामुळे, तुमच्या एक्स्चेंजमधली कामाची घाई संपत आली होती, आणि मी बोलत होते ते त्याच एसटीडीवरून. तुम्ही त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत.

त्यानंतर मी या जगातून बाहेर आलेच नाही. ‘स्टार ट्रेक’च्याच पुढच्या मालिका: कॅप्टन पिकार्ड यांच्या जहाजाचे १७८ भाग, मग ‘डीप स्पेस नाइन’, मग ‘व्हॉयेजर’. त्यांतला मला सर्वांत प्रिय भाग मी तुम्हाला लॅपटॉपवर दाखवला होता. १९९१चा, टमेरियन या परग्रहावरच्या लोकांचा. जहाजावरचं भाषांतरयंत्र त्यांचा शब्द न् शब्द उलगडतं, तरी अर्थ लागत नाही. तो परका कॅप्टन पुन्हापुन्हा म्हणतो, ‘दार्मोक आणि जलाद, तनाग्रा इथे’. पिकार्डला फार उशिरा उमगतं, की ही माणसं आपल्या जुन्या गोष्टींच्या दाखल्यांतूनच बोलतात. गोष्ट माहीत नसेल तर शब्द कळून उपयोग नाही. शेवटी तो परका जखमी होऊन पडलेला असतो आणि पिकार्ड शेकोटीपाशी त्याला गिल्गमेश या प्राचीन मेसोपोटेमियातल्या राजाची गोष्ट सांगतो.

मी तुम्हाला समजावून सांगायला तोंड उघडलं, तर तुम्हीच म्हणालात, “अगं, आपण रोज असंच बोलतो की. ‘पानिपत झालं’ म्हणतो. ‘ध चा मा केला’ म्हणतो. त्या बिचाऱ्या यंत्राला काय कळणार?” मग थोडं थांबून, “आणि पानिपताची खबर कशी आली होती? दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या. ती तारच होती गं.” मी हा भाग दहा वेळा तरी पाहिला असेन. तुमच्याइतकं नेमकं त्यावर कुणीच बोललेलं मी ऐकलं नाही.

स्पॉकचं काम करणारे लेनर्ड निमॉय गेले, तो दिवस २७ फेब्रुवारी २०१५. आपला मराठी भाषा दिन. मी तुम्हाला फोन केला, तुम्ही बराच वेळ गप्प होतात, मग म्हणालात, “नवल होता तो माणूस.”

काकू, मला आभार मानायचेत ते त्या झोपेचे. रात्रभर लोकांचं बोलणं जोडून दिल्यावर सकाळची झोप तुमच्या हक्काची होती. ती तुम्ही आम्हाला दिलीत, एका रविवारी नव्हे, कित्येक रविवारी, आणि आमच्यापैकी एकानेही कधी ‘काकू, दमलात का?’ असं विचारलं नाही. तुमच्यामुळे ही मालिका मला कधी परकी वाटलीच नाही. कॅप्टन कर्क, स्पॉक, डॉक्टर मॅकॉय माझ्या डोक्यात अजून मराठीतच बोलतात, आणि तेही तुमच्या आवाजात.

येत्या रविवारी सकाळी नऊला येते. ‘व्हॉयेजर’ तुम्ही पाहिलेली नाही. तिची कॅप्टन बाई आहे, जेनवे, आणि तिचं जहाज घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षांवर जाऊन पडलंय. तुमचा डावा कान आता साथ देत नाही, हे मला ठाऊक आहे. मी उजव्या बाजूला बसेन. चहा मी करते, तुम्ही फक्त ऐका.

तुमची,
माडीखालची धाकटी

ता. क. वही घेऊन येतेय. जहाजाच्या प्रकाशाहून जास्त वेगाला, ‘वार्प’ला, तुम्ही काय म्हणायचात, तेवढं पान पावसात भिजलंय. आठवून ठेवा.