बाबा, हिशेबाची वही आता दुसऱ्या हाती द्या

पुणे, २५ जानेवारी २०२६

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

आधी सांगून टाकते, नाहीतर पत्रभर तेच मनात घोळत राहील. बाबा, मी पाळकसाहेबांशी बोलले. एक एप्रिलपासून मंडळीचे हिशेब तरुण संघातला तो मुलगा बघेल, ज्याला सुगीच्या सणाला तुम्हीच पावत्या फाडायला शेजारी बसवून घेतलं होतं. तुम्हाला न विचारता बोलले, माफ करा. विचारलं असतं तर तुम्ही "एवढं एक वर्ष" म्हणाला असता, आणि आत्याच्या वेळी त्या एका वर्षाचं काय झालं ते आपण तिघंही विसरलेलो नाही. तुम्हाला कुणी काढलेलं नाही, तुमच्या हिशेबात कधी एका रुपयाची चूक निघालेली नाही. म्हणूनच वही नीट असताना, तुमच्या हातानं पुढे जावी असं मला वाटतं.

घाई का, तेही सांगते. यंदा राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर ५ एप्रिलला. म्हणजे ३१ मार्च नेमका ईस्टरच्या आधीच्या, दुःखसहनाच्या सप्ताहातल्या मंगळवारी येतो. रोज संध्याकाळची उपासना, उत्तम शुक्रवारी प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची तीन तासांची भक्ती, त्यात वर्षअखेरचा ताळमेळ, आणि पोटात उपास. साखरेची गोळी घेणाऱ्या सत्तरीपुढच्या माणसानं हे सगळं एका आठवड्यात ओढायचं नाही.

तुम्ही इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं १६वं वचन माझ्यासमोर ठेवाल, वेळेचा सदुपयोग करा म्हणून. पण तिथं मूळ ग्रीकमध्ये 'कैरॉस' हा शब्द आहे. घड्याळाचे तास मोजायला वेगळा शब्द आहे. हा शब्द नेमून दिलेल्या, योग्य वेळेचा. आणि ती वेळ मोल देऊन सोडवून घ्यायची. तुमच्या वयाची वेळ हिशेबाच्या तक्त्यातून सोडवून प्रार्थनेला द्यायची, हेच त्या वचनाप्रमाणे वागणं आहे असं मी मनापासून मानते. निर्गमच्या १८व्या अध्यायात सासरा इथ्रो मोशेला हेच सांगतो की एकटा करत बसलास तर तूही झिजशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. गणनाच्या आठव्या अध्यायात तर देवाच्या सेवेला नेमलेल्या लेव्यांना पन्नासाव्या वर्षी दर्शनमंडपाच्या कष्टाच्या सेवेतून मोकळं केलं आहे. पुढे त्यांनी आपल्या भावांना मदत करायची. तुम्ही त्यांच्यापेक्षा वीस वर्षं जास्त सेवा केलीत, बाबा.

तर ती मदत अशी करा. फेब्रुवारीपासून दर रविवारी दान मोजताना त्या मुलाला समोर बसवा. मोजणारी माणसं दोन, त्याच दिवशी, मंदिरातच. नोटा किमतीप्रमाणे वेगळ्या करून दोघांच्या सह्या. सोमवारी पैसे बँकेत. घरी एक रात्रही ठेवायचे नाहीत, हे तुमचंच शिकवणं. दशांश, उपकारस्तुतीचं दान, गरीबनिधी आणि कबरस्थान निधी यांची पानं वेगळी का, ते त्याला नीट समजावा. नवीन माणसाची चूक इथेच होते: विजेचं बिल भरायचं असतं, हाताशी गरीबनिधीचे पैसे असतात, 'नंतर परत टाकू' म्हणून घेतले जातात आणि मार्चमध्ये कुणालाच आठवत नाही. पासबुक आणि वही जुळत नसेल तर आधी न वटलेल्या चेकांची यादी बघायची, मगच बेरजा, हे त्याला लिहून द्या. पावतीपुस्तकात मधलं कोरं पान राहिलं तर ते फाडायचं नाही, त्यावर रेघ मारून 'रद्द' लिहायचं. या तुम्हाला हातच्या सवयीनं येणाऱ्या गोष्टी आहेत, त्याला सांगितल्याशिवाय कळणार नाहीत. आणि एप्रिलनंतर त्याच्या वहीत डोकावायचं नाही. तो विचारायला आला तरच.

आता उपासाचं. रागावू नका.

गोळीचं पाकीट नाताळात मी पाहिलं. त्यात मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड आहे. एकटं मेटफॉर्मिन सहसा साखर फार खाली नेत नाही, पण ग्लिमेपिराइड तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही. ते इन्सुलिन सोडायला लावतंच. सकाळी गोळी घेऊन दुपारपर्यंत काही खाल्लं नाही की अकराच्या सुमाराला घाम, हातांना कंप, बोलताना शब्द न सापडणं. नाताळच्या आदल्या दिवशी तुम्ही 'थंडी वाजते' म्हणालात ती थंडी नव्हती. असं वाटलं की लगेच बोटाला टोचून बघायचं. ७०च्या खाली आलं तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. १५ मिनिटांनी परत बघायचं, अजून खाली असेल तर परत तेवढीच. वर आली की पोळी किंवा भात खायचा, नाहीतर पुन्हा उतरते. बिस्किट किंवा पेढा चालणार नाही, तुपातली साखर रक्तात उशिरा पोचते. आई, यंत्र बघायला वेळ नसेल तर आधी साखर दे, मग बघ. आणि बाबांना नीट गिळता येत नसेल, गुंगी असेल, तर तोंडात काही घालू नकोस. १०८ ला फोन, मग मला.

'उपास आहे म्हणून गोळी घेत नाही' हाही उपाय नाही. तशानं साखर चढते. डॉक्टरांना विचारूनच काय ते करायचं.

तुम्ही म्हणाल, हन्ना संदेष्ट्री चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि उपास करून रात्रंदिवस सेवा करत होती. खरं आहे. पण तिला साखरेच्या गोळ्या नव्हत्या, बाबा. वसईच्या काकींच्या कॅथलिक मंडळीतसुद्धा वयाची ५९ वर्षं पूर्ण झाली की उपासाचं बंधन संपतं आणि आजाऱ्याला ते मुळातच नाही. आपल्याकडे तर लिखित बंधनच नाही. यशयाचा ५८वा अध्याय काढा: आपली भाकरी भुकेल्याला वाटून द्यावी, हाच तिथे देवाला आवडणारा उपास आहे. तेव्हा चाळीस दिवस तिन्ही वेळा वेळेवर जेवा, ताटात मटण-मासे नकोत, चहा दोनच वेळा, आणि संध्याकाळच्या बातम्या बंद. तो तास उपासाचा. वाचलेले पैसे गरीबनिधीच्या पाकिटात. आई, तुझ्यासाठी एक: मिझोराममधल्या मंडळ्यांत घरोघरी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात आणि त्यातून मोठमोठी कामं उभी राहतात. तू 'मी आता काय देणार' म्हणतेस ना, ओट्यावर एक बरणी ठेव.

पहाटे चारला उठणंही आता पाचावर आणा. रात्री दहाला निजून चारला उठलात की झोप सहा तासांचीही होत नाही, मधे दोनदा उठावं लागतं ते वेगळंच. अर्धवट झोपेत प्रार्थनेला बसलं की मान खाली जाते आणि मग दिवसभर तुम्हाला अपराधी वाटत राहतं. गुडघे टेकणं दोघांनीही सोडा. हात असलेली खुर्ची, पायाखाली पाट, दिवा डाव्या खांद्यामागून. प्रभू खुर्चीतलं ऐकतो, हे मला लहानपणी ताप आला असताना तुम्हीच सांगितलं होतं. माझा हात हातात धरून, खुर्चीत बसून.

वाचनाचं असं करा. उपवासकाळात रविवार सोडून ४० दिवस. मार्कचे पहिले १५ आणि योहानाचे पहिले १९ अध्याय, रोज एक, म्हणजे ३४ दिवस झाले. उरलेले सहा दिवस मुद्दाम मोकळे ठेवले आहेत. एखाद्या दिवशी बरं नसलं तर मागचं भरून काढायला दुसऱ्या दिवशी तीन-तीन अध्याय पळवायचे नाहीत; तसं केलं की आठवड्यात वाचन सुटतं. मार्कचा १६वा आणि योहानाचे २० व २१ हे ईस्टरच्या सकाळसाठी राखून ठेवा. त्यानंतर हवं तर नवा करार पहिल्यापासून: एकूण २६० अध्याय, सोमवार ते शुक्रवार रोज एक, बरोबर ५२ आठवडे.

मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या, प्रार्थनेची तुमची ती घडी पडून फाटलेली यादी नव्यानं लिहा, मोठ्या अक्षरात, सात पानांवर, वाराप्रमाणे. एका दिवशी सहा-सात नावांच्या वर नकोत. चाळीस नावं एका दमात घेतली की ती नुसती वाचली जातात. त्या दिवसाच्या नावांपैकी जो बिछान्याला खिळला असेल त्याला अकरा वाजता फोन करा, दहा मिनिटं, आणि फोनवरच एक छोटी प्रार्थना. एप्रिलपासून ही तुमची सेवा. पाळकसाहेबांनी हे आपणहून मागितलं आहे, मी घातलेलं नाही. प्रत्येक आजाऱ्याकडे जायला त्यांना वेळ पुरत नाही.

आई, आता तू. रविवारी पहाटे वाटण वाटत बसायचं नाही. कांदा-खोबरं शनिवारी दुपारी भाजून, थोडं मीठ घालून वाटून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेव. मटण शनिवारीच शिजवून गार झालं की आत. रविवारी उपासनेहून आल्यावर फक्त फोडणी आणि एक कढ. भात तेवढा ताजा लाव. मग तू पहिल्या गीतालाच बाबांच्या शेजारी असशील, तिसऱ्या गीताला धापा टाकत नाही. सुंठेचा चहा उपासनेनंतरच प्या, नाहीतर मधेच उठावं लागतं.

मंडळीचा फोनवरचा ग्रुप सकाळी प्रार्थनेआधी उघडू नका. निरोप महत्त्वाचा असेल तर माणूस फोन करतो.

साखर मोजायच्या पट्ट्यांच्या दोन डब्या दादाबरोबर पाठवते आहे. डबी उघडाल त्या दिवसाची तारीख झाकणावर लिहा, झाकण लगेच घट्ट लावा. दमट हवा लागली की आकडा चुकीचा येतो. जुन्या पट्ट्या देवघराच्या कपाटातल्या खालच्या खणात आहेत, त्यांची मुदत संपली आहे, त्या टाकून द्या.

मी शनिवारी, २८ मार्चला येते, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी. शेवटचा ताळमेळ आपण दोघं मिळून करू, बाबा. तुम्ही आकडे वाचा, मी टिकमार्क करते.

तुमची,
छोटी