खोकणाऱ्या कुत्र्यांच्या तपासणीसाठी व उपचारांसाठी सहकार्याचे आवाहन

सातारा शहर आणि लगतच्या उपनगरांतील सर्व नागरिकांस सविनय निवेदन.

थंडी सुरू झाली की आजारी कुत्र्यांवर उपचार करवणाऱ्या आमच्या मंडळाकडे एक निरोप हमखास येतो : ‘कुत्र्याच्या घशात हाड अडकले आहे, लवकर या.’ जाऊन पाहावे तर बहुतेक वेळा हाड नसतेच. कुत्रा मान पुढे ताणून, पुढचे पाय फाकवून कोरडा खोकत असतो आणि प्रत्येक उबळीच्या शेवटी ओकारी आल्यासारखा आवाज करून थोडा पांढरा फेस टाकतो, त्यामुळे पाहणाऱ्याला काहीतरी अडकल्याचा भास होतो. अशा वेळी धीट माणूस चटकन कुत्र्याच्या तोंडात बोटे घालतो, आणि हीच गोष्ट कोणीही करू नये अशी आमची पहिली विनंती आहे. रेबीज झालेल्या कुत्र्यालाही गिळता येत नाही, त्याच्या तोंडातून लाळ गळते, आवाज बदलतो आणि जबडा लोंबतो. तेव्हाही लोकांना हाडच अडकल्यासारखे वाटते. अनोळखी कुत्र्याच्या लाळेचा स्पर्श जखमेला झाला असेल, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. कुत्रा पुढे बरा दिसतो का, याची वाट पाहत बसू नये.

आता मुख्य विषयाकडे येतो. चार-आठ दिवसांचा खोकला आणि महिनोन्‌महिने चालणारी ढास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारातला खोकला बहुधा संसर्गाचा असतो. बोर्डेटेला नावाचा जिवाणू आणि पॅराइन्फ्लुएन्झासारखे विषाणू एकत्र राहणाऱ्या कुत्र्यांत झपाट्याने पसरतात. संसर्ग झाल्यापासून दोन ते चौदा दिवसांत खोकला सुरू होतो, कुत्रा खातोपितो, शेपटी हलवतो, पण खोकत राहतो, आणि बहुतेक धडधाकट कुत्री एक ते तीन आठवड्यांत बरी होतात. लहान पिल्ले आणि म्हातारी कुत्री यांच्यात मात्र तोच संसर्ग फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. खोकल्याबरोबर डोळ्यांतून चिपडे, नाकातून घट्ट पिवळा शेंबूड, ताप आणि अन्नावरची वासना उडणे असे दिसले, तर डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाची शंका घ्यावी लागते. या रोगात पुढे झटके येतात आणि लस न घेतलेली पिल्ले फार मोठ्या संख्येने दगावतात.

दोन-तीन आठवड्यांपलीकडे खोकला टिकला, तर कारण शोधल्याशिवाय औषध देण्यात अर्थ नसतो, आणि आमचे बहुतेक पैसे व श्रम नेमके येथेच खर्च होतात. पॉमेरेनियनसारख्या लहान चणीच्या कुत्र्यांत श्वासनलिकेच्या कूर्चा सैल पडून नळी चेपते आणि पट्ट्याला हिसका बसला किंवा कुत्रा आनंदाने उसळला की बदक ओरडावे तसा खोकला येतो. म्हाताऱ्या लहान कुत्र्यांत हृदयाची झडप गळू लागते, हृदय फुगून शेजारच्या श्वासनलिकेवर दाब देते आणि पुढे फुप्फुसात पाणी साचते. धूर आणि धूळ वर्षानुवर्षे छातीत गेल्यामुळे होणारा जुनाट ब्राँकायटिस असतो, पोटातल्या जंतांच्या अळ्या फुप्फुसातून प्रवास करतात तेव्हा पिल्ले खोकतात, श्वासनलिकेत गवताचे कुसळ रुतलेले असते, आणि क्वचित फुप्फुसात गाठही निघते. सातारा हा सैनिकांचा जिल्हा असल्यामुळे आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ईशान्य भारतातील नेमणुकीवरून परतताना कोणी कुत्रा सोबत आणला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे, कारण डासांमार्फत पसरणारा हृदयकृमी त्या भागात आढळतो आणि त्याची रक्ततपासणी वेगळी करावी लागते.

या सर्व आजारांत कानाला खोकला जवळजवळ सारखाच ऐकू येतो, उपचार मात्र परस्परांपासून पूर्ण भिन्न आहेत. एका घरातील तेरा वर्षांच्या पॉमेरेनियनला घशाचा संसर्ग समजून प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स दिले गेले होते. रात्री दोनच्या सुमारास तो उठून बसे, कोपरे शरीरापासून लांब ठेवून उभ्याउभ्या श्वास घेई आणि पुन्हा आडवा व्हायला तयार नसे. एक्स-रेमध्ये हृदय मोठे झालेले दिसले, शरीरातील जादा पाणी काढणारे आणि हृदयाला बळ देणारे औषध सुरू झाले, आणि त्या घरात पुन्हा रात्रीची झोप सुरू झाली. हा आजार बरा होणारा नव्हता, पण आवाक्यात आला. भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत मात्र असा एक्स-रे काढण्याइतके पैसे आणि त्याला तिथवर नेणारा माणूस या दोन्हींची वानवा असते.

म्हणून आम्ही नागरिकांकडे मदत मागत आहोत. निधीचा पहिला उपयोग छातीचा एक्स-रे, रक्त आणि विष्ठेची तपासणी यांसाठी होईल. हृदयाची सोनोग्राफी किंवा अधिक सखोल तपासणी लागल्यास कुत्र्याला शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात अथवा पुण्याला न्यावे लागते. खंबाटकी घाटातून धाप लागलेल्या कुत्र्याला दुचाकीवर नेता येत नाही, त्यामुळे गाडीभाड्याचा भार औषधांच्या खर्चाइतकाच जड होतो. ज्यांच्याकडे चारचाकी आहे आणि आठवड्यातून एखादी सकाळ मोकळी आहे, त्यांनी गाडीसह स्वतः येण्याची तयारी दाखवली, तर ती आम्हांला पैशांपेक्षाही मोलाची वाटेल. सोबत पिंजरा आणि कुत्रा हाताळणारा एक स्वयंसेवक मंडळाचा असेल.

कोरोनाच्या काळात अनेक घरांत वाफ देण्याचे नेब्युलायझर यंत्र घेतले गेले आणि नंतर ते कपाटात जाऊन पडले. चालू स्थितीतील असे यंत्र कृपया आम्हांला द्यावे. जुनी गोधडी, चादरी, कोरडी गोणपाटे आणि लाकडी फळ्या यांचाही उपयोग होईल, कारण खोकणारा कुत्रा थंड फरशीवर झोपू नये, एवढ्या साध्या गोष्टीनेही त्याला आराम पडतो. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवती बसणारे हार्नेस मिळाले तर हवेच आहेत. श्वासनलिका सैल झालेल्या कुत्र्याला गळपट्टा लावून ओढणे म्हणजे दुखऱ्या जागी बोट खुपसणेच होय.

सर्वांत अवघड गरज जागेची आहे. संसर्गाचा खोकला असलेल्या कुत्र्याला सुमारे दोन आठवडे इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवावे लागते, तर आमच्याकडे एकच शेड आहे. त्यात आजारी आणि निरोगी एकत्र ठेवले की एकाचे दहा होतात, हा अनुभव आम्ही घेतलेला आहे. शाहूपुरी, गोडोली, सदर बझार किंवा शहरात अन्यत्र कोणाची वापरात नसलेली पडवी, गॅरेज अथवा परसातली खोली असेल, तेथे हवा खेळती असेल आणि घरात दुसरा कुत्रा किंवा मांजर नसेल (बोर्डेटेला मांजरांनाही होतो), तर कृपया कळवावे. अन्न, औषध आणि स्वच्छतेचा सर्व खर्च मंडळ करील. घरात कर्करोगाचे उपचार घेणारी किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती क्षीण झालेली व्यक्ती असल्यास मात्र ही जबाबदारी घेऊ नये.

कुत्र्यांना नियमाने अन्न घालणाऱ्यांनाही काही सांगणे आहे. प्राणी जन्मनियंत्रण नियम, 2023 प्रमाणे रहिवाशांनी आपसांत ठरवून खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या दारापासून दूर निश्चित करायची असते. त्या जागीही खोकणाऱ्या कुत्र्याचे पाण्याचे व अन्नाचे भांडे वेगळे ठेवावे. कुत्रा खोकताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण करावे, कारण दवाखान्यात पोचल्यावर तो नेमका खोकत नाही. त्याला आपली सवय असेल तर तो गाढ झोपलेला असताना एका मिनिटात छाती किती वेळा वर येते ते लांबूनच मोजावे. हा आकडा वारंवार 30 च्या वर जात असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता कळवावे. जीभ किंवा हिरड्या निळसर दिसणे, खोकताना कोसळणे, खोकल्यातून रक्त पडणे ही तर तातडीचीच लक्षणे होत.

घरातले खोकल्याचे औषध कुत्र्याला देऊ नये. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्यांना घातक ठरू शकतात, आणि साखरविरहित सिरपमध्ये झायलिटॉल हे गोडी आणणारे द्रव्य असल्यास कुत्र्याची रक्तातली साखर काही मिनिटांत धोकादायकरीत्या खाली येते. आल्याचा रस किंवा काढा जबरदस्तीने घशात ओतला, तर तो श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याची भीती असते. आपुलकीने केलेला हा उपाय आम्हांला अनेकदा निस्तरावा लागला आहे. त्यापेक्षा कुत्र्याच्या बसण्याच्या जागेजवळ पालापाचोळा आणि कचरा जाळणे थांबवावे. उसाचे पाचट पेटते त्या दिवसांत आणि दिवाळीच्या फटाक्यांच्या रात्री जुनाट ढास असलेल्या पाळीव कुत्र्याला बंद खोलीत ठेवावे, आणि त्या खोलीत उदबत्ती किंवा डासांची कॉइल लावू नये.

लसीकरणासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवण्याचा मंडळाचा निर्णय आहे. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर आणि पॅराइन्फ्लुएन्झाचा समावेश असलेली लस सुरू करून, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. एकच टोचून सोडून दिलेले पिल्लू सुरक्षित राहील याची खात्री देता येत नाही. ज्या गल्लीत नवी पिल्ले जन्मली असतील, तेथील एका कुटुंबाने या तारखांची वही सांभाळण्याचे काम घेतले, तर लसींचा खर्च आम्ही उचलू.

देणगी धनादेशाने किंवा मंडळाच्या खात्यावर यूपीआयने द्यावी; वस्तू मंडळाच्या शेडवर सकाळी नऊ ते अकरा या वेळेत स्वीकारल्या जातील. प्रत्येक कुत्र्यावर झालेल्या खर्चाची बिले आणि महिन्याचा जमाखर्च शेडच्या फलकावर लावला जातो, तो कोणीही येऊन तपासावा. मंडळाच्या नावाने घरोघरी रोख वर्गणी गोळा केली जात नाही, तेव्हा कोणी तशी मागणी केल्यास पैसे न देता आम्हांला कळवावे.